चहाच्या खोक्यातली बाळंतीण

लग्नाला दोन वर्षं झाली होती, तेव्हा माझ्या नवऱ्याने बोटीवरून तीन पाली आणल्या. आपल्या भिंतीवर असतात तशा नव्हेत. लेपर्ड गेको. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, जाडजूड शेपूट आणि चक्क पापण्या. झोपताना त्या डोळे मिटत. बोटं चिकट नसल्यामुळे त्यांना भिंत चढता येत नसे. एक नर, दोन माद्या. कुठल्याशा बंदरात एका हौशी माणसाने त्याला त्या बिस्किटांच्या डब्यातून दिल्या होत्या, सोबत इंग्रजी मासिकाची चार झेरॉक्स पानं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. तेव्हा अशा सामानाबद्दल कोणी फारसं विचारत नसे. आपण यांची पिल्लं काढायची, असा त्याचा बेत होता. महिनाभर राहून तो परत बोटीवर गेला, आणि पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत मी, सासूबाई आणि ती तिघं उरलो.

सासूबाई खाडीकाठच्या रोडपाली गावाकडच्या. सगळं तरुणपण मिठागरावर गेलेलं. सापाला त्या काठीने बाजूला सारत, पण पाल दिसली की खोली सोडून जात. डबा उघडला त्या दिवशी त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "ही ठेवशील ती तुज्या खोलीत. माज्या चुलीकडं नाय."

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, त्यामुळे हे काम आपल्याला जमेल असा माझा समज होता. पहिला प्रश्न घराचा. बिस्किटांच्या डब्यात किती दिवस ठेवणार? झेरॉक्सच्या पानांवर काचेच्या टाकीचं चित्र होतं, म्हणून मी माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "मासे कुठले ठेवणार?"

"मासे नाहीत. पाली आहेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माप लिहून घेतलं. तीन फूट लांब टाकी, वर जाळीचं झाकण. तळाशी मी चाळलेली रेती पसरली, एका टोकाला चाळीसचा बल्ब लावला, मधे एक खापर आणि पाण्याची बशी ठेवली. टाकी खिडकीपाशी टेबलावर मांडली. चारी बाजूंनी काच, कुठूनही बघावं. मला ती फार आवडली. येणारी-जाणारी शेजारीण थांबून बघायची, आणि मी सांगायची, की हा नर, ही मोठी, ही धाकटी.

रातकिडे मी कॉलेजच्या मागच्या गवतातून पकडून आणायची. त्यांच्यावर समुद्रफेसाची पूड भुरभुरायची, हाडांसाठी. तो कुटून देण्याचं काम सासूबाईंनी स्वतःहून घेतलं. "हे खाडीवर पडलेलं असतं ढिगानं," एवढंच म्हणाल्या.

फेब्रुवारीत मोठ्या मादीचं पोट फुगलं. उजेडासमोर धरलं की कातडीतून दोन पांढरी अंडी दिसायची. मी खूश होऊन नवऱ्याला पत्र लिहिलं. पण ती खाईना. दिवसभर एका कोपऱ्यात काचेला नाक लावून उभी राही, रात्री काच खरवडत राही. नर सारखा तिच्या मागे. खापराखाली शिरली की तोही तिथे. तिची जाड शेपूट आठवड्याभरात काडीसारखी झाली. मी पानं पुन्हा पुन्हा वाचली, बल्ब बदलला, रेती बदलली. एका सकाळी पाहते तर दोन्ही अंडी उघड्या रेतीवर पडलेली, वाळून चिमटलेली. आणि ती शेजारी, डोळे मिटून, जेमतेम श्वास घेत.

मी टेबलापाशी बसूनच राहिले. कॉलेजला गेले नाही. दुपारी सासूबाई उंबऱ्याच्या आत आल्या, पहिल्यांदाच. टाकीपासून हातभर लांब उभ्या राहून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हिला लपाया जागा कुठं हाय?"

"खापर आहे ना."

"त्यात तो बी शिरतो. चारी अंगाला उजेड, येणारा-जाणारा बघतोय. बाळंतिणीला आडोसा नको?" मग म्हणाल्या, "तुज्या नवऱ्याच्या येळेला आमी मिठागरावरच व्हतो. एक झोपडं, त्यात सात माणसं. माज्या सासूनं गोधडी आडवी बांदली दोरीला. तेवडी गोधडी व्हती म्हणून मी जगले."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी त्या वाण्याकडून चहाचं रिकामं खोकं डोक्यावर घेऊन आल्या. प्लायवूडचं, कडांना पत्र्याची पट्टी.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी कामाला लागलो. खोकं आडवं केलं, पुढे टाकीच्या दुकानातून कापून आणलेली सरकती काच बसवली. बाजूला मी तापवलेल्या सळईने हवेची भोकं पाडली. रेती काढून जुना कागद अंथरला. आत आइस्क्रीमचा डबा ठेवला, त्याच्या झाकणाला मादीपुरतं भोक आणि आत ओला काथ्या. काथ्या सासूबाईंनी नारळाच्या सोडणांतून सोलला. ओल किती हवी ते मूठ दाबून त्यांनीच ठरवलं. "पानी गळता कामा नये, पण हाताला गार लागाया पायजे." दोन्ही माद्या खोक्यात गेल्या आणि नर एकटा त्या देखण्या टाकीत राहिला. टाकीची मागची बाजू मी पुठ्ठ्याने झाकली. मोठी मादी खोक्यात सोडल्याबरोबर डब्याच्या भोकातून आत गेली आणि दोन दिवस बाहेर आली नाही. मला काळजी वाटली. सासूबाई म्हणाल्या, "बघू नको सारखं."

तिसऱ्या दिवशी तिने रातकिडा खाल्ला. शेपूट भरायला महिना लागला. एप्रिलच्या मध्यावर काथ्यात दोन अंडी मिळाली, पांढरी, मऊ, ओलसर. झेरॉक्सवर अंडी उबवायच्या यंत्राचं वर्णन होतं. आमच्याकडे पनवेलचा उन्हाळा होता. अंडी न उलटता जशीच्या तशी दुसऱ्या डब्यात ठेवली आणि डबा कपाटावर. एक खराब झालं. दुसऱ्यातून जूनच्या सुरुवातीला पिल्लू निघालं, करंगळीएवढं, अंगावर काळे-पिवळे पट्टे. ते भुकेलं होतं आणि जवळ गेलेल्या प्रत्येकावर बारीक आवाजात ओरडत होतं. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. हात लावला नाही. कधीच लावला नाही.

पुढच्या दोन हंगामांत बरीच पिल्लं झाली. नवऱ्याच्या ओळखीने लोक न्यायला येऊ लागले, ठाण्याहून, मुंबईहून. बोलणी मी करायची. पण सासूबाई चहा घेऊन बाहेर यायच्या आणि प्रत्येकाला एकच विचारायच्या, "ठेवणार कशात?" एक गृहस्थ काचेची बरणी घेऊन आले होते, झाकणाला चार भोकं पाडलेली. सासूबाईंनी त्यांना चहा दिला, वर पोहे दिले, आणि रिकाम्या बरणीसकट त्यांना दारापर्यंत पोचवायला गेल्या. पंधरा दिवसांनी ते गृहस्थ पुन्हा आले. या वेळी त्यांच्या हातात लाकडी पेटी होती, आणि ती आधी त्यांनी सासूबाईंपुढे ठेवली.