आधी कोणाचा सांगावा

"तुझी म्हातारी आता कुठं पळून जात नाही. आधी पोलादपूरची वाट धर."

खोत ओट्यावर पान जुळवत बसला होता. शेजारी त्याचे दोन तरणे पुतणे. ते हसले. मी अंगणाबाहेर वहाणा काढून उभा होतो.

पहाटे माझी आई गेली होती. बहिणीला आणायला निघालो होतो. खोताला न विचारता गाव सोडायची आम्हाला सोय नव्हती, म्हणून थांबलो. त्याच सकाळी खोताची चुलती वारली होती. तिचा मुलगा पोलादपुरात राहायचा.

गावात कोणी मेलं की नातलगांना सांगावा पोचवायचा, हे आम्हा महारांचं काम. पाऊस असो, ताप असो, निघायचं. तिथं पोचल्यावर अंगणाबाहेर वहाणा काढायच्या, जोहार घालायचा, लांबूनच बातमी सांगायची. वरून टाकलेली भाकरी झेलायची. आपण वळलो की उभं राहिल्या जागी शेणपाणी पडायचं. वडिलांनी हे केलं, मग मी केलं. मी कधी चुकलो नाही, कुठं रेंगाळलो नाही. याला आमच्यात मान म्हणायचे. मीही म्हणायचो. आपण कशाला जगतो याचं तेवढंच उत्तर माझ्यापाशी होतं.

पोलादपूर तीन कोस. बहीण सव गावात दिलेली, म्हणजे उलट्या दिशेला चार कोस. दिवस वैशाखाचे. प्रेत रात्रभर ठेवणं शक्य नव्हतं. पोलादपूर करून मग सवला गेलो असतो, तर बहिणीला आईचं तोंड दिसलं नसतं. हिशोब सोपा होता. खोतालाही तो येत होता.

मी म्हणालो, "घोडा तबेल्यात हाय. पुतणे हितं बसलेत. मी माझ्या आयेचा सांगावा घेऊन चाललो."

मायबाप म्हणालो नाही. पुतण्यांचं हसणं थांबलं.

"मग तुम्ही गावात आहात कशाला रे?" खोतानं विचारलं. मी वहाणा घातल्या. त्याच्या समोर घातल्या. आणि चालू लागलो.

वाटभर तोच प्रश्न डोक्यात. रागानं पाय भराभर पडत होते. सव आलं. बहिणीचं घर आलं. ती दारात तांदूळ पाखडत होती. आणि मी काय केलं? अंगणाबाहेर थांबलो. वहाणा काढल्या. मान खाली घातली. माझ्या सख्ख्या बहिणीच्या दारात.

"दादा, भायेर काय उभा ऱ्हायलास? घरात ये."

मला हलता येईना. आई गेली हे तिला माझ्या उभं राहण्यावरूनच कळलं. सूप टाकून ती धावत आली. मी रडत होतो, पण आईसाठी नव्हे. खोताच्या अंगणातून मी निघालो होतो, पण त्याचं अंगण माझ्यासोबत सवपर्यंत आलं होतं. त्या क्षणी मला स्वतःची किळस आली. आणि खोताची तर इतकी, की ती अजून उतरलेली नाही. उतरू देणारही नाही.

बहिणीनं आईचं तोंड पाहिलं. दिवस मावळताना माती दिली.

दुसऱ्या दिवसापासून आमचं बलुतं बंद. खळ्यावर पाऊल टाकायचं नाही. बायकोनं विचारलं, आता खायाचं काय. मी कशेडीच्या रस्त्यावर खडी फोडायला लागलो. हात फुटले. तेव्हा खोताचा माणूस येऊन सांगू लागला, पाया पड, विषय मिटेल. मी त्याला घमेलं दाखवलं आणि खडी उचलायला सांगितलं.

आता कामावरून सुटलो की मी वस्त्या फिरतो. पायांना वाटा ठाऊकच आहेत. घरात जाऊन बसतो आणि सांगतो, मेल्या ढोरांची मढी ओढू नका, जोहार घालू नका, खोताचा सांगावा नेऊ नका. एका वस्तीतला म्हातारा मला म्हणाला, "खोताची वेठ सोडलीस नि आमच्या डोक्यावर येऊन बसलास काय रे?" मी त्याला म्हटलं, होय, बसलोय, आणि तुम्ही उठेपर्यंत उठणार नाही. हे मला कोणी लावून दिलेलं नाही. रोज सकाळी मी ते स्वतः निवडतो.

खोत आता अंथरुणाला खिळलाय. आज ना उद्या जाईल. सांगावा त्याच्या पुतण्यांनी न्यावा, ऊन असो की पाऊस. माझ्या घरातून कोणी उठणार नाही. मी ताटावर बसलेला असेन, आणि पोटभर जेवीन.