पेवातली बुरशी
परवा डब्याच्या तळाशी ज्वारीच्या पिठाला बुरशी लागली आणि त्या कुबट वासानं मुरुडजवळचं एक पेव, जमिनीखालचं धान्याचं कोठार, आठवलं. निजामी अंमल संपत आला होता. मी नांदेडच्या कापडगिरणीत रसायनं पाहणाऱ्या साहेबांच्या हाताखाली होतो. कापडातली खळ, म्हणजे विणताना सुताला दिलेली पिठाची कांजी, खाऊन टाकील अशी बुरशी ते शोधत होते. त्या शोधात आम्ही ज्या शेतकऱ्याकडे गेलो, त्याच्या पेवात पाणी शिरून वर्षाची ज्वारी नासली होती. आतली हवा विषारी नाही ना हे कळायला आधी कंदील सोडून, तो विझत नाही हे पाहून घरधनी आत उतरला आणि काळपट-हिरव्या ढेपा टोपलीनं वर दिल्या. साहेबांनी चिमूटभर पाण्यात कालवून तांदळाच्या खळीत ओतली, आणि तासाभरानं आयोडीनचे थेंब टाकले. खळ उरली असती तर निळी झाली असती. ती झाली नाही. "इतकी जोरकस बुरशी आजवर मिळाली नव्हती," साहेब हसून म्हणाले. पेवाच्या तोंडाशी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "हिनं ज्वारी परत चांगली होती का?" "नाही, आजी." "मग न्या सगळीच. औंदा तुमचं तरी पीक आलं." साहेबांनी बुरशी भरलेल्या बाटलीला बूच लावलं. गिरणीत ती बुरशी चांगली चालली. डब्यातलं पीठ मात्र मला अजून टाकवलं नाही.