वनमालेचा संसार

आमच्या हिला, म्हणजे वनमालेला, एकच वेड: ग्वाल्हेर संस्थानाचा इतिहास. एकोणीसशे तीसच्या सुमाराची मंदी, मग महायुद्ध, मग संस्थान जाऊन मध्यभारत झाला तिथपर्यंत. इथल्या मुरार छावणीतल्या मुलींच्या शाळेत शनिवारचा शेवटचा तास तिचा. मी बँकेतून रिटायर झालेला माणूस; मला कसलं आलंय गेलेल्या संस्थानाचं कौतुक! पण शनिवारी ही इस्त्रीची साडी नेसते आणि अशी खुलते, की मीच तिला रिक्षा आणून देतो.

नव्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हा विषय परीक्षेला नाही. एकदा बसून बघते, मग ठरवू." ही रात्री उठून जुन्या वह्या चाळायला लागली. आम्हाला मूलबाळ नाही. त्यावरून आमच्या दाना ओली मोहल्ल्यातल्या बायकांनी हिला काय कमी टोचलंय? तो तासच तिचं सगळं होता, हो.

मुख्याध्यापिका वर्गात येऊन बसल्या त्या दिवशी काय झालं ते तिनंच सांगितलं. मंदीत धान्य स्वस्त झालं, पण घ्यायला हातात पैसा नव्हता. मग मुरारचे शिपाई लढाईवर गेले. शिकवणं अर्थात हिंदीतच. आणि भरात बोलून गेली, "कितनी औरतों का संसार उजड़ गया!"

सोनिका नावाची आगाऊ पोरगी उठली. "मैडम, संसार तो एक ही है ना?" वर्ग खो खो हसला. हिंदीत संसार म्हणजे सगळं जग, हे आमची मराठी जीभ विसरते ती नेमकी अशा वेळी!

ही म्हणाली, "हमारी मराठी में संसार मतलब चूल्हा, बर्तन, घर के लोग."

"तो आपके संसार में कौन-कौन है, मैडम?"

ही मला सांगत होती, "मी म्हटलं, एक मेरे वो, और शनिवार को तुम लोग."

तास बंद झालाच. छान शिकवता म्हणे, पण वेळापत्रकात बसत नाही. घ्या! ही घरी येऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. मला बघवेना.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर दार वाजलं. सोनिका, आणि तिच्यामागे जिनाभर पोरीच पोरी.

"अंकल, मैडम हैं? लड़ाई के बाद का बाकी है."

ही पदराला हात पुसत आली आणि बघतच राहिली. मग माझ्यावरच खेकसली, "अहो, उभे काय राहिलात? चहाला मोठं पातेलं काढा!"

ते लग्नात आलेलं पातेलं माळ्यावरच पडून होतं. आमच्या संसारात कधी लागलंच नव्हतं. मी स्टूल ओढलं आणि चढलो.