गुलाबपाण्याची ड्यूटी

माझ्या बायकोच्या मामांनी एखाद्या माणसाकडे नीट निरखून पाहिलं की त्याला काम लागलंच म्हणून समजावं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात ते सुपरवायझर होते. पाळी सुरू होताना भट्टीवर कोण, साच्यांवर कोण, हे ते फळ्यावर लिहीत. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण फळा सुटला नाही. तो हेंद्रेपाड्यातल्या घरात टीव्हीच्या वर लागला आणि घरातलं प्रत्येक कार्य आधी त्यावर पार पडू लागलं.

"रिकामा माणूस एक तर रुसतो, नाहीतर जेवणाला नावं ठेवतो," असं त्यांचं म्हणणं. उल्हासनगरच्या एका लग्नात मुलाचे काका मानपानावरून पेटले, तेव्हा मामांनी त्यांच्या हातात बासुंदीचा डाव दिला आणि "हे तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही" एवढंच म्हणाले. काका शेवटच्या पंगतीपर्यंत घाम पुसत वाढत होते. हॉलच्या सिंधी मालकालाही त्यांनी पंख्यांच्या बटणांपाशी उभं केलं होतं. "काकाजी, हॉल मेरा और ड्यूटी भी मेरेकोच?" असं तो कुरकुरला, पण हलला नाही.

माझ्याकडे पहिल्यापासून चपला. "जावईबापू, तुमच्याकडे बघून कुणाला चोरी करावीशी वाटत नाही," ही त्यामागची कारणमीमांसा. माझा डोळा खरं तर दारातल्या गुलाबपाण्यावर होता, पण ते काम कायमचं मामींचं. त्यांनी गुलाबदाणी हलवली की आंबट चेहऱ्याचा पाहुणाही हसत आत यायचा.

दोन वर्षांपूर्वी मामींना विसर पडायला लागला. मामा रोज सकाळी त्यांच्यासाठी फळ्यावर लिहू लागले, 'तुळशीला पाणी'. मामी ते वाचत, पाणी घालत, आणि थोड्या वेळाने पुन्हा वाचत. तुळस कुजली. मामांनी दुसरी आणून लावली, पण काम काही बदललं नाही.

नातीचा साखरपुडा ठरला तेव्हा सूनबाई चाचरत म्हणाल्या, "बाबा, या वेळी आईंना आतल्या खोलीतच बसवू या ना. व्याह्यांसमोर काही झालं तर?" मीही संधी साधून गुलाबपाण्यासाठी नाव पुढे केलं.

"मग चपला कोण बघणार?" मामा म्हणाले आणि त्यांनी फळ्यावर 'दार, गुलाबपाणी' यापुढे मामींचं नाव लिहिलं.

साखरपुड्याच्या दिवशी मोतिया रंगाच्या साडीत मामी हॉलच्या दारात उभ्या राहिल्या आणि सगळं छान झालं. पाहुणे आत जाऊन बसले, गुरुजींनी ताट मांडलं. मामी मात्र रिकाम्या फाटकाकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा पडला. "कुणीच कसं आलं नाही हो? बोलावणं करायला विसरले का मी?" त्या मामांना म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. सूनबाई त्यांना आत न्यायला उठल्याच.

मामांनी हात वर करून त्यांना थांबवलं. पाळी सुरू होताना कामगारांवरून नजर फिरवावी तशी त्यांनी सगळ्या हॉलवरून फिरवली.

"जावईबापू, चपला सोडा. दहा माणसं घ्या, मागच्या दारानं बाहेर पडा आणि पुढून या. आत्ताच आल्यासारखे या."

आम्ही गेलो आणि आलो. "या, या. रिक्षा मिळाली ना?" म्हणत मामींनी शिंपडलं. दुसऱ्या खेपेला मुलाकडचे सामील झाले, तिसरीला नवरानवरीसुद्धा. चौथ्या खेपेला ओल्या कॉलरचे व्याही माझ्या कानाशी लागले, "अजून किती राउंड?"

"मामा सांगतील तोपर्यंत."

"बरं," ते म्हणाले आणि रांगेत उभे राहिले. मुहूर्त वीस मिनिटं पुढे गेला. गुरुजींनी तक्रार केली नाही, कारण तेही दोनदा येऊन गेले होते.

हॉलवर राहिलेली गुलाबदाणी द्यायला मी दुसऱ्या दिवशी हेंद्रेपाड्याला गेलो. फळा पुसलेला होता. तळाशी एक ओळ तेवढी राहिली होती. इतक्या वर्षांत मामांनी स्वतःला कधी काम लावून घेतलं नव्हतं, सुपरवायझरला फिरतं राहावं लागतं म्हणून. त्या ओळीत त्यांचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'हिच्या शेजारी'.

तेवढ्यात मामींनी माझ्या हातातली गुलाबदाणी घेतली आणि माझ्या डोक्यावर हलवली. ती रिकामी होती.

"रिक्षा मिळाली ना?"

"मिळाली, मामी," मी म्हणालो. मग चपला दाराबाहेर नीट लावल्या आणि आत गेलो.