काजूचे पोहे आणि रोहिणीचं लोन

पोह्यांत काजू दिसले तेव्हाच मला शंका यायला हवी होती. बँकेच्या माणसांना लोक चहा देतात, फार तर बिस्किटं. काजू कुणी घालत नाही.

परभणीजवळच्या पिंगळी गावातलं घर. समोर आक्का बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, इस्त्रीची साडी, नजर करारी. शेजारी त्यांचे धाकटे भाऊ मधुकरराव, एका हायस्कूलमध्ये क्लार्क. आम्ही आल्यापासून ते फरशीकडेच बघत होते. माझ्या बाजूला आमचा फील्ड ऑफिसर निखिल, नोकरीत नवा, पोह्यांवर तुटून पडलेला. मी परभणीच्या एका शाखेची मॅनेजर. आम्ही आलो होतो मधुकररावांच्या मुलीच्या, रोहिणीच्या एज्युकेशन लोनसाठी.

रोहिणी जवळच्या गावातल्या शाळेत शिकवायची. बंगळुरूच्या एका विद्यापीठात तिला एज्युकेशन पॉलिसीच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची मुदत जवळ आली होती. लोन मोठं असलं की बँकेला तारण लागतं. म्हणजे हप्ते थकले तर विकून वसूल करता येईल अशी मालमत्ता. या कुटुंबाकडे तशी एकच गोष्ट होती, हे घर. आणि ते विधवा आक्कांच्या नावावर होतं.

रीजनल ऑफिसच्या साहेबांनी फोनवरच नाक मुरडलं होतं.

"मॅडम, इंजिनिअरिंग नाही, एमबीए नाही. हे शिकून मुलगी करणार काय?"

"विचारते, सर."

"विचारा. आणि तारण पक्कं असेल तरच फाइल पाठवा."

मंजुरीआधी घरी जाऊन पाहणी करायची, हा आमचा नियमच आहे. आक्कांनी मात्र चौकशी आमचीच सुरू केली, आणि तीही निखिलपासून.

"गाव कोन्तं तुमचं?"

"जिंतूर."

"शेती हाय?"

"आहे थोडी. भाऊ बघतो."

"बँकेत परमनंट हाव का?"

"हो, आता कन्फर्म झालो."

निखिल बिचारा सगळं खरं सांगत होता. मला वाटलं, बाईंना माणसांची हौस दिसते. मग त्या माझ्याकडे वळल्या. "हा धाकटा का तुमचा?"

मला वाटलं, स्टाफबद्दल विचारताहेत. म्हटलं, "हो, सगळ्यांत धाकटा. अजून वळण लावायचंय."

तेवढ्यात रोहिणी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. चक्क साडीत. बँकेत येताना ती नेहमी पंजाबी ड्रेसमध्ये असायची. चेहरा रडवेला. मला वाटलं, लोनची धास्ती घेतली असेल. मी माझा प्रश्न विचारला.

"बस गं. हे शिकून पुढं काय करायचंय तुला?"

ती आत्याकडे बघायला लागली.

"सांग की," आक्का म्हणाल्या. "पाहुन्यांनी इचारलंय, नीट सांग."

मग ती बोलली. "माझ्या वर्गातल्या मुली सातवीनंतर शाळा सोडतात. हुशार असतात, मॅडम. पण पुढची शाळा दुसऱ्या गावात, आणि परतीची एसटी अंधार पडल्यावर. घरचे नको म्हणतात. शाळा कुठं काढायची, शिक्षक कुठं द्यायचे, पोरींच्या जाण्यायेण्याचं काय, हे सगळं कुणीतरी कुठंतरी बसून ठरवतं. त्यालाच पॉलिसी म्हणतात. मला त्या ठरवणाऱ्यांत बसायचंय. त्यांच्यात कुणीतरी अशा वर्गावर शिकवलेलं पाहिजे."

आक्कांनी कप खाली ठेवला. "आन् हे शिकायला जायचं कुठं?"

"बंगळुरूला, आत्या."

"मंग लग्न?"

"आक्का," मधुकररावांना अखेर वाचा फुटली, "हे पोरगी बघायला आलेले न्हाईत. लोनसाठी आलेत. तू भडकशील म्हनून मी नुसतं 'बँकेतले पाहुने यायलेत' म्हनलो."

निखिलला ठसका लागला. मी नियमित केस रंगवते, आणि मला या घोड्याएवढ्या मुलाची आई ठरवलं होतं! पण राग गिळला. रोहिणी ट्रे छातीशी धरून उभी होती. तिचं लोन गेलंच, असं मला वाटलं.

आक्कांनी विचारलं, "घराचं काय व्हईल?"

"राहायचं तुम्हीच. कागद आमच्याकडं. शिकत असेपर्यंत हप्ता नाही, त्याला मोरेटोरियम म्हणतात. नंतर हप्ते सुरू."

"आन् नोकरी न्हाई लागली तर?"

"तर आम्ही वसुलीला येऊ. घर जाऊही शकतं." खोटं सांगून सही घ्यायची नसते.

आक्का मला म्हणाल्या, "आजवर लय पाहुने बघून गेले हिला. रंग बघितला, उंची बघितली, भाकरी येती का इचारलं. पुढं काय करायचंय म्हनून तुमीच पयले इचारलं. एका घरात ऱ्हाऊन मीबी कधी इचारलं न्हाई." मग रोहिणीला म्हणाल्या, "दाव, कुठं सही करायची."

रोहिणी ट्रेसकट खाली बसून रडली. पण बँक ती बँक. सांगावं लागलं की सही आज नाही, आधी घराच्या कागदांवर वकिलाचा रिपोर्ट, मग तुम्ही शाखेत यायचं.

"येते की," आक्का म्हणाल्या. "आन् ह्या पोराचं कुठं जमलंय का?"

साहेबांना मी रोहिणीचं उत्तर जसंच्या तसं लिहून पाठवलं. लोन मंजूर झालं. आता ती बंगळुरूत आहे, आणि आक्का शाखेत आल्या की निखिल आत फाइल शोधायला जातो.

तेव्हापासून पाहणीला जाण्याआधी मी स्वतः फोन करून सांगते, बँकेतून येतोय, लोनसाठी. पोह्यांत आता काजू नसतात. प्रश्न मात्र तोच विचारते, शिकून पुढं काय करायचंय, आणि विचारण्याआधी घरातल्या सगळ्यांना समोर बसवते.