सुलभाकाकींची साखर

मंडळी, आज माझ्याच सल्ल्याची मला लाज वाटली, म्हणून लिहितेय.

मी सावर्ड्याजवळच्या एका गावात नर्स आहे. सुलभाकाकी इथल्या वाडीत एकट्या राहतात, मुलगे मुंबईला असतात. पावसाआधी त्यांची साखर वाढलेली निघाली. तेव्हा मी त्यांना भाजीचं बी दिलं आणि सांगितलं, नाचणी पेरा, भाकरी खा, रोज चाला. काकींनी सगळं मनापासून केलं.

आज त्या दवाखान्यात आल्या. तपासली, तर साखर आणखी चढलेली. पायाला जखम झालीय, तीही भरत नाहीये.

"काकी, भाजी खाताय ना?"

"बाय, माठ चांगला आला हुता. वानरांनी मुळासकट खाल्लानी. नाचणी रानडुकरांनी. आता चा नि बेकरीतले बटर, नायतर भात."

"आणि चालणं?"

"वाडीत माणूसच नाय. एकटीला रस्त्यावर डुकराचं भ्या वाटतं."

मी तालुक्याच्या डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी दिली. ती घेऊन काकी उठल्या आणि म्हणाल्या, "आता परत नाय येत. तुलाबी वाईट वाटतं."

उद्या मीच त्यांच्या घरी जाणार आहे. पण जाऊन त्यांना सांगू काय? तुमच्या गावात वानर-डुकरांपासून भाजी राखायला कुणाला काही जमलंय का?