पाकटाच्या पंखातलं भोक

मोकपो बंदराच्या मासळीबाजारात बोकसिम आजी शिरली की कोळणी एकमेकींना कोपरखळ्या मारत. ही बाई पाकट मासा विकत घ्यायला येते की त्याची सोयरीक जमवायला, असा त्यांचा सवाल. ती मासा उलथापालथा करायची, त्याच्या पंखासारख्या पसरट परांवरून बोटं फिरवायची आणि गळाचं भोक सापडलं नाही की तोंड वाकडं करून पुढे चालू लागायची.

त्याला कारण होतं. तिचा नवरा पान्गिल पाकटाच्या होडीवर होता. लांबलचक दोरीला आमिषाशिवाय गळ बांधून ते तळाशी सोडत. वरून जाणाऱ्या मोठ्या पाकटाच्या पंखात गळ रुतायचा, पिल्लं निसटून जायची. मग जाळी ओढणाऱ्या बोटी आल्या आणि समुद्राचा तळ झाडून काढल्यासारखा साफ झाला, पिल्लांसकट. पान्गिलची होडी रिकामी परतू लागली, शेवटी मोडीत गेली. त्यानंतर त्याने जाळ्यातल्या पाकटाला तोंड लावलं नाही. मरताना बायकोला म्हणाला, "माझ्या श्राद्धाला गळाचाच ठेव. नसला तर काहीच ठेवू नकोस."

श्राद्धाच्या ताटात पाकट नसला तर त्या मुलखातले नातेवाईक वर्षभर नावं ठेवतात. बाजारभर गळाचा पाकट मिळेना, पण बोकसिमला मालसुन होती. मालसुन बाजारात मासे विकायची. मानलेली धाकटी बहीण, सख्खीपेक्षा जवळची. दरवर्षी ती स्वतः तिकडच्या रीतीप्रमाणे पाकट आंबवून, कापून द्यायची आणि भोक असलेला तुकडा सगळ्यांत वर ठेवायची. ते भोक पाहून बोकसिम निर्धास्त व्हायची. आंबलेल्या मांसात भोकाखेरीज काही ओळखता येत नाही, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नाही.

यंदा सुनेला आंबवायला शिकवायचं म्हणून बोकसिमने मालसुनकडून ताजा, अख्खा मासा आणला. पाकट पाण्याने धुवायचा नसतो, फडक्याने पुसायचा. पुसता पुसता भोकाशी तिचा हात थांबला. गळाला लागलेला मासा तासन्‌तास धडपडतो. जखमेभोवती रक्त साकळतं, मांस काळवंडतं. हे भोक मात्र पांढरं स्वच्छ होतं. मेल्यावर पाडलेलं.

तिने पुन्हा पुसून पाहिलं, सुनेला काही न सांगता मासा गुंडाळला आणि बाजार गाठला.

बोकसिमने ते पांढरं भोक दाखवलं तेव्हा मालसुन आधी हसली, मग ज्याच्याकडून मासा घेतला त्याच्या नावाने खडे फोडू लागली. पण तिच्या पाठीमागे खिळ्याला एक जुना गळ लटकत होता आणि त्याच्या टोकाला माशाचा ओला बुळबुळीतपणा होता. तो पान्गिलचा गळ. पान्गिल गेला तेव्हा मालसुन बोकसिमपेक्षाही जास्त रडली होती, म्हणून बोकसिमनेच तो तिला आठवण म्हणून दिला होता.

"याच गळानं?" बोकसिमने विचारलं.

मालसुनने मान खाली घातली. "ताई, गळाचा मासा आता मिळतो कुठे? आणि तू समोर उभी, दाजींच्या श्राद्धासाठी. भोक दिसलं की तुझा चेहरा फुलायचा गं. मला नाही म्हणवेना."

"दरवर्षी?"

मालसुन फळीवरचे मासे सारखे करत राहिली.

जिच्या मांडीवर मान ठेवली तिनेच केसाने गळा कापला होता, आणि वर माया म्हणून सांगत होती. बोकसिमच्या अंगाची लाही लाही झाली. पण आवाज चढला नाही.

"नाही म्हणाली असतीस तर मी रिकामी बशी ठेवली असती. शेवटी शेवटी तो रिकाम्या हातानंच घरी यायचा, त्याला चाललं असतं. तू त्याला जाळ्यातला खाऊ घातलास, मालसुन. तोही माझ्या हातानं."

तिने मासा फळीवर टाकला, गळ खिळ्यावरून काढला आणि निघाली. मालसुनने "ताई, ताई" केलं, तिने मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी ताट मांडलं. पाकटाच्या जागी मोकळी बशी पाहून चुलतसासऱ्यांनी भुवया उंचावल्या. यंदा मिळाला नाही, एवढंच ती म्हणाली. सगळे पान्गिलच्या फोटोपुढे वाकले. तीही वाकली, पण मान वर करून त्याच्याकडे बघायचं धाडस तिला होईना. इतकी वर्षं याच जागी बसून तिने त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं, "खा, गळाचाच आहे. मी बघून आणलाय."